एतवाने औषध घेतलं

"एतवा पडला," असं ओरडत फवाऱ्यावरचा दुर्जन आला तेव्हा जिरमुनीला वाटलं, नाल्यात पडला असेल. चहाच्या बागानातला चौदा नंबरचा तुकडाच तसला आहे, झुडपांच्या मधून नाला कधी पायाखाली येतो कळत नाही. आणि एतवा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, पाठीवर औषधाची टाकी घेऊन चालला की खाली बघतच नाही, फवारा पातीवर नीट बसतोय का तेवढं बघतो. म्हणून ती हसली पण. "कपडे भिजले का त्याचे?" असं विचारलंसुद्धा. मग दुर्जनच्या तोंडाकडे बघितलं, आणि डोक्यावरचा पट्टा काढून पातीची झोळी तिथंच सोडली आणि पळाली.

एतवा दोन ओळींच्या मधे मुटकुळं करून पडला होता. घाम तर असा, की कोणी अंगावर घागर ओतलीय. तोंडातून लाळ गळतेय, थांबतच नाही, आणि हातापायाचं मांस आतल्या आत उडतंय, म्हणजे कातडीखाली काहीतरी वळवळत असल्यासारखं. जिरमुनीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"दादा. ए दादा."

दादाची लाळ तेवढी तिच्या मांडीवर गळली.

त्याचं काय होतं, त्या जूनमध्ये मच्छरनं नुसता उच्छाद मांडला होता. मच्छर म्हणजे आपल्याला चावतो तो नाही, हा चहाला चावतो. कोवळ्या पातीत सोंड खुपसतो, रस पितो, आणि सकाळी बघावं तर सगळी पाती काळ्या ठिपक्यांची, कडेनं वळलेली, विडी ओढून फेकल्यासारखी. ऐन चांगल्या पातीचे दिवस आणि ही दशा. छोटा साहेब, म्हणजे मॅनेजरच्या हाताखालचा चलिहा साहेब, रोज जीपमधून उतरायचा, एक करपलेला शेंडा बोटात चुरायचा आणि म्हणायचा, "आणखी मारा." ड्रमला एक बाटली पडायची ती दोन पडायला लागली, मग सरदार, म्हणजे टोळीचा मुकादम, नुसता हाताच्या अंदाजाने ओतायला लागला. मच्छर काही मरेना. मेले कोण, तर झाडावरचे लाल मुंगळे, जे बिचारे मच्छरची पिल्लं खायचे आणि ज्यांची आपण चटणी खायचो. नाल्यातली चिंगळी मेली. मच्छर दोन दिवस दुसऱ्या तुकड्यात पाहुणा जाऊन परत यायचा.

आणि टाक्या. टाक्यांचं तर बोलायलाच नको. एतवाच्या टाकीचं वायसर गेलं होतं, चालताना पाठीवर टपटप गळायची. त्याने सरदाराला सांगितलं, सरदाराने गोदामबाबूला सांगितलं, बाबू म्हणाला वायसर येतंय. कधीपासून येतंय कोणास ठाऊक, चालत येत असेल. एतवाने जुन्या गामछ्याची चिंधी कोंबली होती तिथं. हातमोजे आणि तोंडाचे फडके होते हो, नव्हते असं नाही. बाहेरून कोणी बागान बघायला आलं की गोदामातून निघायचे, पोरं ते घालून फोटोला उभी राहायची, आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की परत कुलपात.

दुर्जन, फवाऱ्यावरचाच मोंगल आणि जिरमुनीने एतवाला उचललं आणि रस्त्यावर आणलं. तिथं पातीचा ट्रॅक्टर उभा होता. जोहन सरदार म्हणाला, "थांबा थांबा, पाती आधी काट्यावर जाऊ दे, उन्हाने गरम होतेय."

कोणीच त्याच्याशी वाद घातला नाही. तोडणीच्या बायका ट्रॉलीवर चढल्या आणि सगळी पाती रस्त्यावर ढकलून दिली. ओली हिरवी पाती, दुपारपर्यंतची सगळ्या बायांची मेहनत. सरदार तोंडाचा आ करून बघत राहिला. एक म्हातारी त्याला म्हणाली, "आता बस राखत तिला. मच्छर चावंल."

बागानच्या इस्पितळात हजारिका डाक्टर होते. नवेच होते, गुवाहाटीचे. वाईट माणूस नाही, पण लाईनीतल्या, म्हणजे मजुरांच्या चाळीतल्या, माणसांशी बोलताना बहिऱ्याशी बोलावं तसे बोलायचे, मोठ्याने आणि तुटक. मागच्याच महिन्यात सात नंबर लाईनीतल्या एका पोरीने खरंच औषधाची बाटली तोंडाला लावली होती आणि ती त्यांच्या हातात गेली होती, ते पण त्यांच्या डोक्यात असणार.

एतवाला टेबलावर ठेवलं. पाठीवर, उताणा. डाक्टरांनी पापणी वर करून बघितली, नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं.

"याने औषध घेतलं?"

आता बागानात जो फवाऱ्याला जातो तो औषध घेतो. सकाळी गिन्ती झाली, हजेरी लागली, की सरदार हाक मारतो, चला औषध घ्या, आणि पोरं टाक्या पाठीवर चढवतात. आज कोणी कोणी औषध घेतलं, औषध घ्यायला माणूस कमी आहे, माझा नवरा औषध घेतो तुझा काय करतो, असंच बोलतात सगळे. मग जिरमुनी काय म्हणणार?

"हो बाबू, घेतलं."

"कधी?"

"सकाळीच. गिन्ती झाल्या झाल्या."

"कुठलं?"

"मच्छरचं."

"किती घेतलं?"

"भरून घेतलं."

डाक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि तुम्ही आत्ता आणताय."

तेवढ्यात सुकुरमनी भौजी धावत आली, एतवाची बायको, हाताला अजून कणी लागलेली, तांदूळ पाखडत होती ती तशीच उठून आलेली. डाक्टर तिला म्हणाले, "घरात काही झालं होतं का? भांडण वगैरे?"

भौजी खोटं बोलत नाही, हीच तिची खोड. "झालं होतं, बाबू. काल. बकरीवरून."

"बकरीवरून," डाक्टर म्हणाले, आणि आयाला म्हणाले, "नळी आण. सगळ्यांना बाहेर काढ."

दार बंद.

बाहेर ओसरीवर सगळे बसले. आतून नळीचा आवाज, ओकारीचा आवाज, बादलीचा आवाज. प्रत्येक आवाजाला भौजी जिरमुनीचा दंड आवळायची. मधेच डाक्टर बाहेर आले, घामेघूम, आणि म्हणाले, सुई दिली, जरा बरा वाटला होता, लाळ थांबली होती, पण परत सुरू झाली. परत सुई दिली. परत तेच. "पोटातून तर नुसता भात आणि लाल चहा निघतोय," ते म्हणाले, "म्हणजे सगळं अंगात भिनलंय. फार घेतलंय त्याने. देवाचं नाव घ्या."

भौजीने पदर तोंडात कोंबला.  जिरमुनीला वाटलं, हे कसलं औषध, जे पोटातून निघत नाही आणि अंगातून जात नाही.

मग जीप आली. चलिहा साहेब उतरला. त्याने काळा चष्मा काढला, काढून खिशात ठेवला, दुःखाच्या जागी काढतात तसा, आणि सरळ भौजीपुढे येऊन उभा राहिला. आता बघा, साहेब कधी लाईनीतल्या बाईशी एवढ्या हळू आवाजात बोलत नाही.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "त्याला काही त्रास होता तर त्याने यायचं होतं ना माझ्याकडे. सांगायचं होतं. असं करतात का?"

भौजीने हाताला लागलेली कणी पदराला पुसली.

"बागान तुमच्या पाठीशी आहे. डाक्टर प्रयत्न करतायत. फक्त एक लक्षात ठेवा, हे त्याने स्वतःच केलंय. उद्या कोणी काही भरवेल तुमच्या डोक्यात की बागानने काही करायला पाहिजे होतं, कामावर झालं वगैरे. तसं नाही. माणूस घरी भांडला आणि औषध घेतलं. आहे की नाही?"

"घेतलं की साहेब," मागून दुर्जन म्हणाला. त्याला वाटलं साहेब चौकशी करतोय, आपण साक्ष द्यावी. "मीच दिलं त्याला."

साहेब गर्रकन वळला. "तू दिलंस?"

"हो. एकट्याला उचलत नव्हतं, भरलेलं होतं. मी खालून हात दिला."

"तुला माहीत होतं तो घेणार आहे?"

"माहीत म्हणजे?" दुर्जन गोंधळला. "रोज घेतो. मी पण घेतलं. मोंगलने घेतलं. सरदार म्हणाला घ्या, आम्ही घेतलं."

साहेब दुर्जनकडे असा बघायला लागला, की ह्याला धरू का सोडू. मोंगलला हसू आलं, म्हणजे भीतीने येतं तसं, आणि त्याने ते गामछ्यात लपवलं. आणि जिरमुनीच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. ती उठून उभी राहिली.

"साहेब, तुम्ही काय म्हणताय? दादाने औषध कुठं घेतलं?"

"कुठं म्हणजे? प्यायला ना तो."

"कोण म्हणालं प्यायला?"

"तूच. डाक्टरांनी फोनवर सांगितलं, त्याची बहीण म्हणाली औषध घेतलं, भरून घेतलं."

भौजी म्हणाली, "काय गं जिरू, काय म्हणतोय हा?"

 जिरमुनीच्या कानात डाक्टरांचे सगळे प्रश्न परत वाजले, एकेक करून, आणि आपली उत्तरं. कधी, सकाळी. किती, भरून. तिला एकदम तो टेबलावर दिसला, उताणा, पाठीखाली ती ओली गंजी, पाठीखाली ते औषध, आणि हे सगळे त्याच्या पोटात शोधतायत.

तिने दारावर धक्का दिला. आतून आयाने आडवी दांडी घातली होती. "डाक्टरबाबू, तो प्यायला नाही. दार उघडा. पाठीवर आहे त्याच्या. पाठीवर."

"जरा गप्प बसवा तिला," आतून डाक्टर म्हणाले. "हे सगळे असंच म्हणतात मागाहून."

साहेब म्हणाला, "बघ, तुझं दुःख मी समजतो, पण आधी एक म्हणायचं, मग दुसरं..."

"तुम्ही सरका," जिरमुनी म्हणाली.

लाईनीतली पोरगी, त्यातून फालतू. फालतू म्हणजे कायम नोकरीतली नाही, हंगामापुरती, बागानात कच्च्या कामगाराला हेच नाव आहे, आईबापाने ठेवल्यासारखं चिकटतं. तर एक फालतू पोरगी छोट्या साहेबाला सरका म्हणाली, आणि साहेब सरकला. त्याचं त्यालाच नवल वाटलं असेल.

इस्पितळाच्या मागे खिडकी आहे, गज तुटलेली, बागानातल्या पोरासोरांना ठाऊक असलेली. जिरमुनी तिथून आत उतरली. डाक्टर ओरडले, आया ओरडली. तिने कोणाकडे बघितलं नाही. एतवाच्या खांद्याला धरून त्याला कुशीवर केलं आणि गंजी गळ्यापासून फाडायला लागली. फाटेना, ओली होती, अंगाला चिकटलेली. नखांनी पाती खुडणारी पोरगी ती, तिने दातात धरून फाडली. तिच्या ओठांना चुरचुर लागली.

"अगं काय करतेस, तो मरेल," डाक्टर म्हणाले आणि तिचा हात धरायला आले. आणि मग त्यांनी पाठ बघितली.

मानेपासून कमरेपर्यंत लाल. मधे पट्ट्याच्या जागी दोन पांढरे पट्टे आणि बाकी सगळं सोललेलं. टेबलावरच्या रबराच्या चादरीत हाताच्या ओंजळीत मावेल एवढं पाणी साचलं होतं, पिवळट, आणि त्याचा वास. तोच वास, जो त्यांना तोंडाचा वाटला होता. माणूस त्यातच झोपला होता इतका वेळ. सुई एका बाजूने देत होते आणि पाठ दुसऱ्या बाजूने औषध पीत होती.

डाक्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "पाणी आण. साबण. पळ." आयाला. आणि जिरमुनीला म्हणाले, "तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं."

"तू म्हणालीस घेतलं."

"घेतलंच. पाठीवर घेतलं. टाकी पाठीवरच घेतात, बाबू, डोक्यावर घेतात का? तुम्ही इथं बसून सुया देता, बागानात औषध कसं घेतात हे कोणाला विचारायचं नव्हतं?"

"मी कपडे काढायला पाहिजे होते," डाक्टर हळूच म्हणाले, तिला नाही, असंच कोणाला तरी. मग परत मोठ्याने, "पण तू नीट बोलायला पाहिजे होतंस."

एवढा राग तिला आयुष्यात आला नव्हता, पण हात मोकळे नव्हते. ती आणि आया पाणी ओतत होत्या, डाक्टर स्वतः बाह्या वर करून साबण चोळत होते, केसांतून, काखेतून, बोटांच्या बेचक्यांतून. त्यांनी नखं पण घासली. दार उघडून भौजी आत आली आणि न विचारता पाय धुवायला बसली. पाणी फरशीवरून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात वाहायला लागलं. परत सुई दिली. या वेळी लाळ थांबली ती थांबलीच. बऱ्याच वेळाने एतवाच्या अंगाला काटा आला आणि त्याने दात वाजवले.

"थंडी," तो म्हणाला.

भौजी त्याला म्हणाली, "मर मेल्या," आणि रडायला लागली.

"वाचेल," डाक्टर म्हणाले. "बहुतेक. आज रात्र इथंच ठेवू." मग ते बाहेर ओसरीवर आले, त्यांचे हात साबणाने पांढरे, आणि दुर्जन-मोंगलकडे बघितलं. दोघांनी एतवाला कवटाळून आणला होता, आणि त्यांची स्वतःचीही टाकी गळत होतीच. "तुम्ही पण. कपडे काढा. आंघोळ करा, आत्ताच्या आत्ता. ही पोरगी पण. जो जो आज फवाऱ्यावर होता त्याला बोलवा."

बोलवायची गरज नव्हती. फवाऱ्याची सगळी पोरं अंगणात जमलीच होती, अर्धी लाईन जमली होती. आत एकच नळ, म्हणून ती अंगणातल्या हातपंपाकडे गेली आणि अंगरखे, गंज्या काढल्या. कोणाची मान, कोणाचा खांदा, कोणाची पूर्ण पाठ, जिथं जिथं टाकी टेकते तिथं तिथं तसंच लाल. बायकांना नवल वाटलं नाही. रात्री तेल लावणाऱ्या त्याच. त्या पुढे झाल्या आणि आपापल्या माणसाच्या पाठीवर पाणी घालायला लागल्या, कोणी नवऱ्याच्या, कोणी पोराच्या. मोंगलला कोणी नव्हतं, त्याच्या पाठीवर जिरमुनीने पाणी ओतलं, आणि त्याने परत हसू लपवलं. या वेळी ते वेगळं हसू होतं, पण ती वेगळी गोष्ट.

साहेब जीपपाशी उभा होता. त्याने चष्मा काढून ठेवला होता तो परत घालावा का नाही, असं हात खिशाशी नेऊन उभा होता.

"हे आत जाऊन करा ना," तो म्हणाला. "इथं बायामाणसांसमोर. बरं दिसतं का?"

"साहेब, तुम्ही बघा आधी," जिरमुनी म्हणाली. ती पण भिजली होती, केसांतून पाणी गळत होतं. "जवळ येऊन बघा. करपलेली पाती बघायला रोज उतरता ना."

"हे बघ, वायसरचं मी सांगतो गोदामात..."

"वायसरचं नंतर. उद्या गिन्तीला तुम्ही यायचं. सगळ्यांसमोर सांगायचं की एतवा औषध प्यायला नाही. तुमच्या तोंडाने सांगायचं. बाबूला पाठवायचं नाही, सरदाराला पाठवायचं नाही. माझी भौजी काय नवऱ्याला मारणारी आहे? आजच तिच्याकडे सगळे तशा नजरेने बघायला लागलेत. बकरी काय, कोणाच्या घरात बकरीवरून भांडण होत नाही?"

"बघू," साहेब म्हणाला.

"बघू नाही."

"मोठ्या साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. आत्ता विचारा. फोन आहे ना तुमच्याकडे? दादा प्यायला असं डाक्टरांनी फोनवर सांगितलं, ते भौजीला ऐकवायला आलात तेव्हा तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

ओल्या पाठीचे सगळे वळून बघायला लागले. पंपाचा दांडा थांबला. साहेबाने फोन काढला, बघितला, आणि परत ठेवला.

"मला आता कारखान्यात जायचंय," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "नगेन, गाडी काढ."

नगेन स्टेअरिंगवर बसलेला होता. आठ नंबर लाईनीतला नगेन, ज्याचा धाकटा भाऊ त्या पंपापाशी उघडा उभा होता. त्याने एका खिशात हात घातला, मग दुसऱ्या खिशात, मग सीटखाली वाकून बघितलं.

"चावी सापडत नाही, साहेब."

"आत्ता तर होती."

"होती," नगेन म्हणाला, "आत्ता नाही."

अंगणातलं साबणाचं पाणी हळूहळू जीपच्या चाकांपर्यंत आलं, मग साहेबाच्या बुटांपर्यंत. तो एक पाऊल मागे सरकला, मग आणखी एक, आणि मग मागे भिंत आली. जिरमुनी त्याच्यासमोर उभी होती, हलली नाही. पंपाचा दांडा परत सुरू झाला. बऱ्याच वेळाने साहेबाने खिशातून परत फोन काढला आणि मोठ्या साहेबाचा नंबर लावला.